आजोबांची 1 जून आणि बहात्तरचं साल

‘घरातील ज्येष्ठ व्यक्तीची मुलाखत घ्या आणि त्यांच्या किशोरवयावर निबंध लिहा,’ हा प्रकल्प आता बऱ्याच शाळांत असतो. इतिहासाच्या पुस्तकात भौतिक आणि लिखित साधनांच्या जोडीला मौखिक साधनंही शिकवतात, त्याचा हा घरगुती प्रयोग. मुलं वही घेऊन बसतात, ‘आजोबा, तुम्ही पंधरा वर्षांचे होतात तेव्हा काय करायचात?’ असं विचारतात आणि गाडी तिथेच अडते. पंधरावं वर्ष नेमकं कोणतं, हे आजोबांना ठाऊक नसतं.

आधार कार्डावर जन्मतारीख असते, पण ती बहुधा 1 जून. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभराचा कायदा 1969 चा. त्याआधी खेड्यात घरी जन्मलेल्या पोराची तारीख कुणी टिपून ठेवलेली नसे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. पोराला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला सांगायचे. धरता आला की मास्तर दाखल करून घेत आणि पहिलीला लागणारं वय भरेल अशा बेताने 1 जून लिहून मोकळे होत. सरकारी कचेऱ्यांत आणि शाळांत 31 मे रोजी एकदम निरोपसमारंभांची रांग लागते ती त्यामुळेच. म्हणजे कागदावर 1957 साली जन्मलेला माणूस खरा एखाददोन वर्षांनी मोठा असू शकतो. त्या तारखेवरून आकडेमोड करून निबंध लिहू नये.

माणसं वर्षं मोजतात ती घटनांवरून. जनगणनेतही वय ठरवायला स्थानिक घटनांच्या याद्या वापरत. पुण्याच्या आजींना 12 जुलै 1961 चा पानशेतचा पूर आठवतो, पाटण-कराडकडच्यांना 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप, मुंबईच्या गिरणगावातल्यांना 1982 चा गिरणी संप. उरलेल्या बहुतेक महाराष्ट्राची खूण एकच: बहात्तरचा दुष्काळ.

आज सत्तरीला टेकलेल्या पिढीचं किशोरवय या दुष्काळाने मधोमध कापलेलं आहे. पाऊस दोन-तीन वर्षं हुलकावणी देत होता. 1972 साली तो पार गेला. गावोगाव दुष्काळी कामं निघाली: खडी फोडणं, रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग. 1973 च्या उन्हाळ्यात सुमारे 50 लाख माणसं या कामांवर होती. आठवी-नववीतली पोरं आईबापांबरोबर घमेली उचलत होती. कामावर सुकडी (पौष्टिक पिठाचा कोरडा खाऊ) मिळे, रेशनवर मिलो. अमेरिकेतून आलेली ही लाल ज्वारी. तिची भाकरी कशी लागायची, एवढं विचारून पाहा. गप्प बसलेले आजोबासुद्धा बोलायला लागतात. मागेल त्याला काम देणारी, विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची कल्पना याच कामांतून रुजली. रोजगार हमीचा कायदा 1977 साली झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. गंमत अशी, की मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेही याच दुष्काळात, 2 ऑक्टोबर 1972 रोजी. गावात मात्र फार तर एखाद्याकडे रेडिओ असे आणि त्याचंही लायसन्स पोस्टातून काढावं लागे.

शाळेच्या पायऱ्याही वेगळ्या होत्या. मॅट्रिक म्हणजे अकरावी. दहावीची नवी परीक्षा 1975 साली आली आणि त्या साली जुनी अकरावी व नवी दहावी अशा दोन्ही तुकड्या एसएससीला बसल्या. ‘तुमची मॅट्रिक जुनी की नवी?’ या प्रश्नाने साल जवळपास पक्कं होतं, मग बाकीचं त्यावरून मागेपुढे लावता येतं. अर्थात हे मॅट्रिकपर्यंत पोचलेल्यांचं. गावची शाळा चौथी नाहीतर सातवीपर्यंत, हायस्कूल पुढच्या मोठ्या गावात. पोरगा चालत किंवा कुणाच्या सायकलवर जाई, पोरीचं नाव शाळेतून काढून टाकत.

आजींची मुलाखत म्हणूनच निराळी निघते. मुलीच्या लग्नाचं किमान वय कायद्याने 1929 साली 14 होतं, 1949 साली 15 झालं आणि 18 व्हायला 1978 उजाडलं. म्हणजे 1973 साली पंधरा पूर्ण झालेल्या मुलीचं लग्न लावणं कायद्यात बसत होतं, आणि लावलंही जात होतं. ‘शाळेत असताना मैत्रिणींबरोबर काय करायचीस?’ हा शिक्षकांच्या यादीतला प्रश्न अशा आजींपुढे निरर्थक आहे. त्या वयात त्या सासरी धुणी धूत होत्या, पाणी वाहत होत्या, विजेची गिरणी आली नव्हती तिथे पहाटे जात्यावर बसत होत्या. त्या आयुष्याचं बोलणं ओव्यांत सापडतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह हजाराहून अधिक गावांतून लाखभर ओव्या जमवल्या. सासुरवास, माहेरची वाट, भाऊ न्यायला न येणं हे सगळं बायकांनी तिथे स्वतःच्या तोंडाने सांगून ठेवलंय. आजींना वय विचारण्याऐवजी जात्यावर काय गायचात ते विचारावं आणि फोनचं रेकॉर्डिंग आधीच चालू करून ठेवावं, कारण दुसऱ्यांदा म्हणायला सांगितलं की त्या लाजून बंद करतात.