'जास्तीचं लघवीवाटे जातं' हे अर्धसत्य आहे

नवतपा लागला, पारा ४५ अंशांवर गेला की नागपुरात घरोघरी तोच सल्ला मिळतो: पायात गोळे येतात ना, पोटॅशियमची गोळी घ्या, सोबत व्हिटॅमिन सी, जास्तीचं लघवीवाटे निघून जातं.

व्हिटॅमिन सीच्या बाबतीत हे काही अंशी खरं आहे. पण मोठ्या माणसासाठी दिवसाला २,००० मिलिग्रॅम ही वरची मर्यादा. त्यापुढे जुलाब होतात, मुतखड्याचा धोकाही वाढतो. गरज जेमतेम ६५ ते ८० मिलिग्रॅमची. ५०० ची एक गोळीच तिच्या कितीतरी पट. हंगामात दोन-तीन संत्री खाल्ली तरी भागतं.

पोटॅशियमचं मात्र तसं नाही. ते बाहेर टाकतं मूत्रपिंड, आणि तेच कमजोर असेल तर पोटॅशियम रक्तात साचून हृदयाचे ठोके बिघडतात. कधी आधी काहीच जाणवत नाही. रक्तदाबाच्या टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन या गोळ्याही पोटॅशियम वाढवतात. 'लो सोडियम' मिठातही बहुधा तेच असतं. आईबाबांच्या डब्यात यातलं काही असेल, तर कृपा करून स्वतःच्या मनाने पोटॅशियमची गोळी देऊ नका. डॉक्टरांनी दिलीच, तर जेवणानंतर पेलाभर पाण्यासोबत, न चावता गिळायची. उन्हातून आल्यावर आधी पाणी, ओआरएस.