नळाच्या वॉशरवरची कॉइल : भारतातील घरगुती रेडिओबांधणीची पार्श्वभूमी

हैदराबादचे हौशी रेडिओचालक अशहर फरहान यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात ‘बिटएक्स-२०’ या ट्रान्सीव्हरचा, म्हणजे ग्रहण आणि प्रक्षेपण दोन्ही करणाऱ्या संचाचा, आराखडा सर्वांसाठी खुला केला. त्यात पहिल्यांदा वाचणाऱ्याला गंमत वाटावी अशी एक सूचना होती. कॉइल गुंडाळण्यासाठी आयात केलेल्या फेराइटच्या (चुंबकीय पदार्थाच्या) कड्या शोधत बसू नये. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे नळाचे प्लास्टिकचे वॉशर त्या कामाला चालतात. ही सूचना विनोदाने केलेली नव्हती. भारतात घरी रेडिओ बांधणाऱ्यांना सुटे भाग मिळवण्यासाठी अनेक दशके जी धडपड करावी लागली, तिचा हा सरळ परिणाम होता. इथे रेडिओ घरी बांधणे ही बहुतेकांची आवड होती हे खरे, पण त्याआधी ती गरज होती, आणि ही गरज कायदा, युद्ध आणि आयातधोरण या तिघांनी मिळून निर्माण केली होती.

हौशी रेडिओ आपल्याकडे नभोवाणीच्या आधी आला, हे अनेकांच्या लक्षात नसते. कोलकात्याचे अमरेंद्रचंद्र गुप्तू यांना १९२१ मध्ये हौशी प्रक्षेपणाचा परवाना मिळाला. मुंबईत रेडिओ क्लबने १९२३ मध्ये कार्यक्रम प्रक्षेपित करायला सुरुवात केली, तर इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. त्या काळी घरी बांधायचा संच म्हणजे क्रिस्टल सेट. गॅलेना या शिशाच्या खनिजाचा खडा, त्याला अलगद टेकणारी बारीक तार, एक कॉइल, लांबलचक एरियल, जमिनीत गाडलेले अर्थिंग आणि कानाला लावायचा हेडफोन एवढ्यावर तो चाले. त्याला बॅटरी लागत नसे, कारण हेडफोन हलवण्याएवढी ऊर्जा एरियलवर येणाऱ्या लहरींतूनच मिळत असे. खड्यावरची नेमकी जागा सापडेपर्यंत तार पुन्हा पुन्हा टेकवून पाहावी लागे, आणि कोणी जोराने दार आपटले की सारी मेहनत पुन्हा पहिल्यापासून करावी लागे.

या प्रयोगांवर सरकारची नजर सुरुवातीपासून होती. १८८५ च्या भारतीय तार अधिनियमाने तारयंत्रणेची मक्तेदारी सरकारकडे दिलीच होती. १९३३ च्या भारतीय बिनतारी तारयंत्र अधिनियमाने त्यापुढे जाऊन परवान्याशिवाय बिनतारी यंत्र नुसते जवळ बाळगणेही गुन्हा ठरवले. त्यामुळे पुढची जवळजवळ पन्नास वर्षे साध्या घरगुती रेडिओसाठीसुद्धा टपाल कार्यालयात दरवर्षी शुल्क भरून परवान्याच्या पुस्तिकेत नोंद करून घ्यावी लागे. ऐकण्यासाठी जिथे परवाना लागत होता, तिथे बोलण्याचा, म्हणजे प्रक्षेपणाचा, परवाना किती दुर्मीळ असेल याची कल्पना करता येते.

सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच हौशी परवाने रद्द झाले आणि प्रक्षेपक सरकारजमा करण्याचे आदेश निघाले. सर्वांनी ते पाळले नाहीत, आणि या विषयाच्या इतिहासातले मुंबईचे प्रकरण इथून सुरू होते. ऑगस्ट १९४२ मध्ये, ‘छोडो भारत’ ठरावानंतर वृत्तपत्रांवर सेन्सॉरशिप कडक झाली, तेव्हा उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूमिगत ‘काँग्रेस रेडिओ’ सुरू केला. त्याचा प्रक्षेपक नरीमन प्रिंटर या मुंबईच्या रेडिओतंत्रज्ञाच्या हातचा होता. युद्धापूर्वीच्या हौशी मंडळींपैकी ते एक होते. ‘काँग्रेस रेडिओ, ४२.३४ मीटरवर, भारतात कुठूनतरी’ अशी त्याची उद्घोषणा असे. हा आकडा नीट पाहण्यासारखा आहे. ४२.३४ मीटर लांबीची लहर म्हणजे सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ वारंवारता, आणि हौशी रेडिओचालकांचा ४० मीटरचा पट्टा ७ मेगाहर्ट्झपासूनच सुरू होतो. हा निव्वळ योगायोग असेल असे मला वाटत नाही. हौशी कामासाठी जमवलेल्या भागांतून जो प्रक्षेपक उभा राहतो, तो त्याच पट्ट्यात सर्वांत सहज चालतो.

पोलिसांच्या दिशाशोधक गाड्या प्रक्षेपणाच्या उगमाचा माग काढत फिरत असत, म्हणून केंद्राची जागा वारंवार बदलावी लागे. गिरगाव, चौपाटी, सँडहर्स्ट रोड आणि महालक्ष्मी या भागांतल्या घरांतून ते चालले. अखेर प्रिंटर पोलिसांच्या हाती लागले आणि त्यांनीच ठिकाणाची माहिती दिली. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी गिरगावातल्या पारेख वाडीत प्रक्षेपण चालू असतानाच धाड पडली. उषा मेहता यांना चार वर्षांची शिक्षा झाली आणि ती त्यांनी येरवड्यात भोगली. प्रिंटर यांच्या वर्तनाबद्दल जे म्हणायचे ते म्हटले गेले आहे. तंत्राच्या इतिहासापुरते एवढेच नोंदवायला हवे की, ज्या घरगुती कौशल्याचा सरकारला १९३३ पासून संशय होता, तो संशय नऊ वर्षांत खरा ठरला. स्वातंत्र्यानंतरही परवान्याआधीची पोलीस चौकशी, तिला लागणारे महिनोन्‌महिने आणि अर्जदाराकडे संशयाने पाहण्याची सवय टिकून राहिली, तिचे मूळ मला याच काळात दिसते.

स्वातंत्र्यानंतर चित्र दोन बाजूंनी बदलले. १५ मे १९४८ रोजी महू येथील सैन्याच्या सिग्नल्स प्रशिक्षण केंद्रात अमॅच्युअर रेडिओ क्लब ऑफ इंडियाची स्थापना झाली. पुढे १९५४ मध्ये तिचे मुख्यालय दिल्लीला गेले आणि ती अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया झाली. दुसरी बाजू बाजाराची होती आणि बांधणाऱ्यांसाठी तीच अधिक महत्त्वाची ठरली. युद्ध संपल्यावर लष्करी बिनतारी संच ‘डिस्पोजल’मध्ये, म्हणजे जादा मालाच्या विक्रीत, निघाले आणि मुंबईच्या चोरबाजारात वजनावर मिळू लागले. त्यांतून ८०७ ही व्हॅक्यूम ट्यूब, जड ट्रान्सफॉर्मर, एअर कपॅसिटर आणि प्रक्षेपणाची वारंवारता ठरवणारे क्वार्ट्झ क्रिस्टल बाहेर काढले जात. एका पिढीचा प्रक्षेपक म्हणजे शेवटच्या टप्प्यात ८०७ आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्याची घरी कापलेली चासी, म्हणजे सांगाडा. क्रिस्टल हौशी पट्ट्याच्या किंचित खालच्या वारंवारतेचा निघाला, तर काचेवर बारीक अपघर्षक पूड आणि पाणी टाकून तो हलक्या हाताने घासायचा. क्रिस्टल जितका पातळ, तितकी त्याची वारंवारता वर जाते. जास्त घासला, तर परत फिरता येत नसे.

पन्नाशीच्या दशकाअखेर परकीय चलनाची टंचाई झाली आणि आयात परवान्यांचे दिवस आले. अमेरिकेत किंवा जपानमध्ये हौशी मंडळी तयार संच विकत घेऊ लागली, तेव्हा इथे तयार संच दिसणेच दुर्मीळ होते. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने ट्यूब आणि पुढे ट्रान्झिस्टर बनवायला घेतल्यावर निदान काही भाग देशातच मिळू लागले. एसी-१२८, बीसी-१४८, एसएल-१०० ही ट्रान्झिस्टरांची नावे त्या काळात सोल्डरिंग आयर्न हाती धरलेल्या कोणालाही आजही पाठ असतील. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आणि आठवडी जुना बाजार हीच या छंदाची विद्यापीठे होती, असे म्हणण्याची पद्धत आहे. मला त्यात थोडी अतिशयोक्ती वाटते. या बाजारांतून विद्या मिळाली तशी वाया गेलेली संध्याकाळही मिळाली, कारण आराखड्यात लिहिलेला ट्रान्झिस्टर सहसा नसायचा आणि दुकानदार त्याच्या ‘इक्विव्हॅलंट’चा नुसता आग्रह करायचा. ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ हे मासिक १९६९ मध्ये सुरू झाल्यावर मात्र इथल्या भागांना धरून रचलेली सर्किट नियमित वाचायला मिळू लागली.

मोर्स संकेत कानाने ओळखण्याची परीक्षा, तांत्रिक लेखी परीक्षा आणि चौकशी असा परवान्याचा मार्ग लांबचाच राहिला. १९७८ च्या हौशी सेवा नियमांनी त्याला श्रेणींची चौकट दिली. राजीव गांधी स्वतः परवानाधारक होते आणि व्हीयू२आरजी ही त्यांची ओळखखूण होती. १९८० च्या दशकात हौशी संचांवरील आयात शुल्कात सवलत मिळाली, घरगुती रेडिओचे वार्षिक परवानेही त्याच दशकात संपले, आणि १९९१ नंतर परदेशी संच आणखी आवाक्यात आले. घरी बांधण्याची सक्ती तेव्हापासून सैल झाली.

‘बिटएक्स’ आला तो यानंतर. सिंगल साइडबँड पद्धतीचा, म्हणजे आवाजाच्या लहरींची एकच बाजू पाठवणारा, संच हा तोवर घरगुती बांधणीत अवघड समजला जाई, कारण ग्रहण आणि प्रक्षेपण यांसाठी जवळजवळ दोन स्वतंत्र यंत्रे बांधावी लागत आणि नको त्या वारंवारता गाळणारा क्रिस्टल फिल्टर महाग असे. फरहान यांनी दोन्ही अडचणींवर एकत्र उपाय केला. फिल्टरसाठी त्यांनी संगणकात सर्रास वापरले जाणारे १० मेगाहर्ट्झचे क्रिस्टल घेतले, आणि ॲम्प्लिफायर असे मांडले की, पुरवठा एका ट्रान्झिस्टरकडून काढून दुसऱ्याला दिला की तोच टप्पा उलट दिशेने काम करू लागतो. चार मेगाहर्ट्झच्या आसपासचा ऑसिलेटर (लहरी निर्माण करणारे सर्किट) आणि दहाचा फिल्टर यांची बेरीज होऊन १४ मेगाहर्ट्झचा, म्हणजे २० मीटरचा पट्टा मिळतो. शेवटी आयआरएफ-५१० हा स्वस्त मॉसफेट (एका प्रकारचा ट्रान्झिस्टर) सुमारे सहा वॅट शक्ती देतो. कुठलाही भाग खास मागवावा लागत नाही. इंग्लंड-अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी, ज्यांना भागांची कधी वाण नव्हती, त्यांनीही तो मोठ्या संख्येने बांधला. पुढे फरहान यांनी ‘बिटएक्स-४०’ आणि ‘मायक्रोबिटएक्स’ हे तयार सर्किट बोर्डाचे संच बाजारात आणले.

त्याच सुमारास या छंदाची एक शाखा अवकाशात गेली होती. ५ मे २००५ रोजी पीएसएलव्ही-सी६ या अग्निबाणाने ४२.५ किलोचा ‘हॅमसॅट’ उपग्रह कक्षेत सोडला; त्यावरील एक ट्रान्सपाँडर (आलेला संदेश पुन्हा पाठवणारे यंत्र) भारतीय बनावटीचा आणि दुसरा एका डच हौशी रेडिओचालकाने बांधलेला होता. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी बांधलेला, जेमतेम एक किलो वजनाचा ‘स्वयम्’ उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ मधून गेला. हौशी रेडिओचालकांचे संदेश एका ठिकाणी घ्यायचे आणि दुसऱ्या ठिकाणी पोचवायचे, हे त्याचे काम होते. त्याला दिशा देण्यासाठी इंजिन नव्हते, उपग्रह वळवणारी फिरती चाके नव्हती. आत बसवलेल्या चुंबकामुळे तो होकायंत्राच्या सुईसारखा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला धरून राहत असे.