लिंबाचं झाड पिवळं पडलं की आधी माती बघा

आमच्या बाणेरच्या सोसायटीतलं लिंबाचं झाड दोन वर्षं पिवळं पडत होतं आणि ज्याला जे सुचेल ते तो त्याच्या आळ्यात टाकत होता, कोणी युरिया, कोणी चहाचा चोथा, एका काकांनी तर गंजके खिळे पुरले, लोह मिळतं म्हणे. गंमत म्हणजे काकांचं निदान बरोबर होतं! कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, म्हणजे लोह कमी पडतंय. नत्र कमी असेल तर आधी जुनी पानं पिवळी पडतात.

पण आपली पुण्याची माती बेसॉल्टची, काळ्या कातळाची, तिच्यात लोहाला काय तोटा? असतं भरपूर, पण अडकून बसलेलं. सामू (तोच तो पीएच) साडेसातच्या वर गेला की लोह पाण्यात जवळपास विरघळतच नाही आणि मुळांना ते घेता येत नाही. त्यात आमच्याकडे बांधकामाचा राडारोडा पुरून वर चार इंच लाल माती पसरलेली, सिमेंट-चुन्याने सामू अजूनच चढतो.

घरच्या घरी बघायचं तर सुक्या मातीवर थोडं व्हिनेगर टाका. फसफसलं तर चुनखडी आहे. आमची माती सोड्यासारखी फसफसली.

नीट आकडे हवेत तर माती परीक्षण कराच. 2015 पासून मृदा आरोग्य पत्रिका मिळते त्यात सामू, सेंद्रिय कर्ब, लोह, जस्त धरून 12 गोष्टी असतात. फक्त नमुना बुंध्याजवळचा नको, झाडाची सावली जिथे संपते तिथे चार-पाच जागी खणा, कारण खाणारी बारीक मुळं बरीचशी तिकडे असतात. वरची फूटभर माती वेगळी, खालची फूटभर वेगळी, दोन्ही सावलीत वाळवून अर्धा-अर्धा किलो द्या. खुरपं गंजलेलं नको, लोहाचा आकडा चुकतो.

उपाय? हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचं साधं स्वस्त खत) अशा मातीत टाकलं तर तेही लवकरच अडकतं, पैसे वाया. चिलेटेड लोह म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनाने धरून ठेवलेलं लोह, पण त्यातलं ईडीटीए या रसायनाचं इथे टिकत नाही, ईडीडीएचएवालं लागतं, महाग आहे पण चालतं. आम्ही ते दिलं, आळं मोठं केलं, हाताला लागेल तेवढा राडारोडा काढला आणि सोसायटीत जाळला जाणारा पालापाचोळा बुंध्यापासून वीतभर लांब पसरला.

महिन्याभरात नवी पालवी हिरवी आली. खणताना खिळेही निघाले, पण काका अजून श्रेय त्यांनाच देतात.