डिजिटल नाइट व्हिजन स्कोप: काढून टाकलेला दिवा परत का आला

डिजिटल नाइट व्हिजन स्कोप, म्हणजे अंधारात दिसावं म्हणून रायफलवर बसवायची दुर्बीण, बघायला आलेला गिऱ्हाईक आधी विचारतो, झूम किती? विचारायला हवं ते तिच्या इन्फ्रारेड दिव्याबद्दल.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी जर्मनांचा ‘व्हँपिर’ आणि अमेरिकनांचा स्नायपरस्कोप, दोन्ही रायफलवर इन्फ्रारेड दिवा बसवूनच चालत. त्याचा परतलेला अदृश्य प्रकाश इमेज कन्व्हर्टर ट्यूब दिसण्याजोगा करी. जड बॅटरी सैनिकाच्या पाठीवर. त्याहून वाईट म्हणजे शत्रूकडेही तसंच यंत्र असलं, तर आपला दिवा त्याला लख्ख दिसे. म्हणून व्हिएतनाम युद्धातल्या एएन/पीव्हीएस-२ ‘स्टारलाइट’ स्कोपने दिव्याची गरजच काढली: एकामागे एक तीन ट्यूब लावून चांदण्यांचाच उजेड वाढवला. पुढे ट्यूबमध्ये मायक्रोचॅनेल प्लेट आली, म्हणजे सूक्ष्म छिद्रांतून इलेक्ट्रॉन वाढवणारी चकती; मग गॅलियम आर्सेनाइडचा फोटोकॅथोड, म्हणजे प्रकाश पडताच इलेक्ट्रॉन सोडणारा थर.

हे काम पुण्यातही होतं. भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९७९ मध्ये इथे इमेज कन्व्हर्टर ट्यूबचा कारखाना काढला. १९९० मध्ये डच भागीदारीत सुरू झालेली भोसरीची बीईएल ऑप्ट्रॉनिक डिव्हायसेस इमेज इंटेन्सिफायर, म्हणजे मंद उजेड वाढवणाऱ्या ट्यूब बनवते.

डिजिटल स्कोपचं घराणं वेगळं. १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये बॉइल आणि स्मिथ यांनी शोधलेला सीसीडी आणि नव्वदच्या दशकात नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेत एरिक फॉसम यांनी पुढे नेलेला सीमॉस सेन्सर, या प्रकाश टिपणाऱ्या सिलिकॉन चिप त्याचे पूर्वज. थोडक्यात, इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर रात्री बाजूला सारणारा कॅमेरा. ट्यूबचा स्कोप भर उन्हात चालू राहिला तर ट्यूब कायमची डागाळू शकते; हा दिवसाही बिनधास्त चालतो, रेकॉर्डिंगही करतो. पण गडद अंधारात चांगल्या ट्यूबची बरोबरी त्याला जमत नाही. सिलिकॉनला साधारण १,१०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशापर्यंत दिसतं, म्हणून त्या टप्प्यातला इन्फ्रारेड दिवा पुन्हा जोडावा लागला आणि १९४५ ची जुनी अडचणही सोबत आली.

८५० नॅनोमीटरचा दिवा लांब पोचतो, पण समोरून मंद लाल ठिपका दिसतो. ९४० चा दिसत नाही. सेन्सर त्याला कमी दाद देतो, त्यामुळे पल्ला बराच घटतो. झूमच्या आकड्यात मूळ भिंगाचं वर्धन किती हे वेगळं पाहावं. डिजिटल झूम तेच पिक्सेल ताणतो.

धुक्यात किंवा भुरभुर पावसात दिव्याचा उजेड थेंबांवरूनच परततो आणि पडदा दुधासारखा पांढरा होतो. उसाच्या कडेला वेगळी गंमत: हातभर अंतरावरचं एक पान उजळतं, एक्स्पोजर आपोआप उतरतो आणि मागचं शेत काळंठिक्कर. दिव्याची शक्ती कमी करा, झोत अरुंद करा, दिवा भिंगापासून जमेल तितका दूर बसवा. चित्र अंधुक वाटलं तर आधी आयपीस, म्हणजे डोळ्याकडचं भिंग, फिरवून पडद्यावरची नेमाची रेघ धारदार करा, मग पुढचं भिंग. दिवसाचा फोकस इन्फ्रारेडमध्ये सरकतो, तो रात्री पुन्हा लावावाच लागतो.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि आयएसएसएफ या आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या रायफल स्पर्धांत रायफलवर दुर्बीण चालत नाही, त्यामुळे पुण्यातल्या बालेवाडीच्या नेमबाजी रेंजवरही हिचा उपयोग नाही. रात्री शेताची पाहणीच करायची असेल तर तशाच सेन्सरचा हाती धरायचा मोनोक्युलर, म्हणजे एका डोळ्याची दुर्बीण, घ्यावा. रायफलचा धक्का सोसणाऱ्या बांधणीचे पैसे वाचतात, आणि नुसतं बघायला कुणावर नळी रोखावी लागत नाही.