‘गांधी’ : वीस वर्षांच्या रखडपट्टीची पार्श्वभूमी

दोन ऑक्टोबरला सोसायटीच्या गच्चीवर पडदा बांधून ‘गांधी’ दाखवायचा, असं ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगीत ठरलं. मीटिंगमध्ये पहिला प्रश्न निघाला तो वेळेचा. सिनेमा १९१ मिनिटांचा, त्यात मध्यंतर, आणि दहानंतर आवाज बंद. दुसरा प्रश्न दहावीतल्या एका मुलाचा. “काका, हा इंग्रजांनी काढलाय ना? मग आपण का दाखवायचा?” मी “हो” म्हणालो आणि तेवढ्यात कोणीतरी प्रोजेक्टरच्या भाड्याचा विषय काढला. त्या ‘हो’मध्ये उत्तर अर्धंच होतं. उरलेलं इथे लिहितो आहे.

दिग्दर्शक रिचर्ड अ‍ॅटनबरो इंग्रज, पटकथाकार जॉन ब्रायली जन्माने अमेरिकन, हे खरंच आहे. पण गांधीजींवर मोठा सिनेमा काढायची धडपड अ‍ॅटनबरोंच्याही आधीची. १९५२ साली गॅब्रिएल पास्कल या निर्मात्याने नेहरूंकडून होकार मिळवला होता. दोनच वर्षांत पास्कल वारले. पुढे डेव्हिड लीन या इंग्रज दिग्दर्शकाच्या मनात हा विषय होता, गांधींच्या भूमिकेसाठी अ‍ॅलेक गिनेस या नटाचा विचार चालू होता. लीन वाळवंटातल्या दुसऱ्या महाकाय सिनेमाकडे वळले आणि हेही राहून गेलं.

मग १९६२ साली लंडनमध्ये एक फोन वाजला. फोन करणारे मोतीलाल कोठारी, भारतीय उच्चायुक्तालयात नोकरी करणारे गृहस्थ. सिनेमाधंद्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. गांधीजींवर चित्रपट व्हावा एवढाच ध्यास, आणि तो तुम्हीच काढा अशी गळ त्यांनी अ‍ॅटनबरोंना घातली. गंमत म्हणजे अ‍ॅटनबरो तेव्हा नट होते. दिग्दर्शन त्यांनी कधी केलंच नव्हतं. कोठारींनी त्यांना लुई फिशर यांनी लिहिलेलं गांधीचरित्र वाचायला दिलं. त्यातल्या दक्षिण आफ्रिकेच्या भागात अ‍ॅटनबरो एका ठिकाणी अडकले. दुसऱ्या माणसाचा अपमान करून कुणाला स्वतःचा सन्मान झाल्यासारखा कसा वाटतो, हे मला कधीच उमगलेलं नाही, अशा आशयाचं गांधीजींचं ते म्हणणं. सिनेमा का काढला असं विचारलं की ते पुढे आयुष्यभर याच वाक्याकडे बोट दाखवत.

थोडं विषयांतर करतो. गांधीजींना पीटरमॅरित्झबर्गच्या फलाटावर उतरवून दिलं ती तारीख ७ जून १८९३. आपल्या ठाण्यातलं मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झालं १ जून १८९३ रोजी. मधे सहा दिवस. एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही, पण ‘दक्षिण आफ्रिकेतली घटना’ म्हटलं की ती फार लांबची आणि फार जुनी वाटते. आपण अजून ज्याचे सभासद आहोत त्या ग्रंथालयाएवढीच ती जुनी आहे, हे कळल्यावर जरा जवळ येते. आणि रेल्वे तर त्याआधी चाळीस वर्षांपासून ठाण्यात होती.

तर १९६३ साली लॉर्ड माउंटबॅटन यांच्या ओळखीने अ‍ॅटनबरो नेहरूंना भेटले. नेहरूंनी पाठिंबा दिला आणि एक सल्लाही दिला: त्यांना देव करू नका, देव करण्यापेक्षा तो माणूस फार मोठा होता. सिनेमा पाहताना हा सल्ला लक्षात ठेवावा. काही प्रसंगांत तो पाळलेला दिसतो. कस्तुरबांना संडास साफ करायला लावताना चिडलेला, त्यांना दाराबाहेर ढकलणारा आणि लगेच ओशाळलेला नवरा त्यात आहे. उत्तरार्धात मात्र तो सल्ला निसटतो असं माझं मत आहे. तिथे गांधीजी बोलले की बाकीचे नुसते ऐकत राहतात.

२७ मे १९६४ रोजी नेहरू गेले आणि खरी रखडपट्टी सुरू झाली. कधी पटकथा जमेना, कधी स्टुडिओ पैसे काढेना. हातात काठी घेतलेल्या, पंचा नेसलेल्या म्हाताऱ्याला बघायला तिकीट कोण काढणार, हा धंदेवाल्यांचा सवाल होता आणि धंद्याच्या हिशेबाने तो चुकीचाही नव्हता. १९७० मध्ये कोठारी वारले. ज्यासाठी फोन केला ते त्यांना पाहायला मिळालं नाही. मध्ये आणीबाणी आली, सरकार बदललं, पुन्हा बदललं. अ‍ॅटनबरो या काळात इतरांच्या सिनेमांत कामं करत, स्वतः दिग्दर्शन शिकत, मिळेल ते यात घालत राहिले. सत्यजित राय यांच्या ‘शतरंज के खिलाडी’त जनरल आउट्रम झाले ते याच दिवसांत. लंडनमध्ये वर्षानुवर्षं हाउसफुल चाललेल्या एका रहस्यनाटकात त्यांची भागीदारी होती, त्यातला हिस्साही त्यांनी यापायी विकला. आपल्याकडे नाटकापायी घरातलं सोनं गहाण टाकणारे निर्माते ज्यांनी पाहिलेत, त्यांना हा गडी परका वाटू नये.

पैशाची गाठ सुटली १९८० मध्ये. इंदिरा गांधी पुन्हा पंतप्रधान झाल्या होत्या, माहिती व नभोवाणी खातं वसंत साठे यांच्याकडे होतं, आणि सहनिर्मात्या राणी दुबे यांनी दिल्लीत पाठपुरावा केला. सुमारे २ कोटी २० लाख डॉलरच्या खर्चातला साधारण तिसरा हिस्सा राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने, म्हणजे एनएफडीसीने उचलला. यावर मोठा गदारोळ झाला. महामंडळ हे छोट्या, वेगळ्या सिनेमांना हात द्यायला. एवढ्या रकमेत आपल्या तरुण दिग्दर्शकांचे कितीतरी सिनेमे झाले असते. आणि राष्ट्रपित्याचं चरित्र सरकारी पैशातून परदेशी माणसाने का करावं? यातला पहिला मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो. दुसऱ्याबद्दल एवढंच, की आपल्यापैकी कुणी अशा सिनेमासाठी पैसे मागितले होते अशी नोंद माझ्या वाचनात नाही. विठ्ठलभाई झवेरींनी १९६८ मध्ये पाच तासांहून मोठा माहितीपट केला होता, तो मोलाचा आहे. कथापट कुणी केला नव्हता.

चित्रीकरण २६ नोव्हेंबर १९८० ते १० मे १९८१. सहा महिन्यांत दिल्ली, मुंबई, पुणे, पाटणा, उदयपूर. छायाचित्रकार बिली विल्यम्स पाठीच्या दुखण्याने आडवे झाले, काम रॉनी टेलर यांनी पुढे नेलं. दुसऱ्या युनिटवर गोविंद निहलानी होते. अंत्ययात्रेचं दृश्य ३१ जानेवारी १९८१ ला, म्हणजे मूळ अंत्ययात्रेला बरोबर ३३ वर्षं झाली त्या दिवशी, राजपथावर घेतलं. तीन लाखांच्या वर माणसं. थोड्यांना मेहनताना होता, बाकीची आपणहून आलेली. अकरा कॅमेरे लावले होते. संकलनानंतर पडद्यावर उरलं ते १२५ सेकंदांचं. आज एवढी गर्दी संगणकावर उभी करतात आणि ती ओळखू येते. इथे माणसं मान वळवून शेजारच्याकडे बघतात, कुणी पाय बदलतो, कुणाचं लक्षच नसतं.

आता कपड्यांबद्दल, कारण तिथे आपलं माणूस आहे. भानू अथैया मूळच्या कोल्हापूरच्या राजोपाध्ये. वडील अण्णासाहेब चित्रकार, स्वतः जे. जे.च्या विद्यार्थिनी, ‘प्रोग्रेसिव्ह’ या मुंबईच्या चित्रकारांच्या गटाबरोबर चित्रं मांडलेल्या, आणि १९५६ पासून हिंदी सिनेमात वेशभूषा करणाऱ्या. या चित्रपटात त्यांच्यापुढे काय वाढून ठेवलं होतं ते बघा. दर्बानच्या कोर्टात पगडी उतरवायला नकार देणारा सुटाबुटातला बॅरिस्टर. त्याने हट्टाने पारशी पद्धतीची साडी नेसायला लावलेली बायको. हा हट्ट गांधीजींनी स्वतःच लिहून ठेवला आहे. १९१५ मध्ये मुंबईत उतरताना काठियावाडी अंगरखा. सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईला सगळं टाकून गुडघ्याच्या वर पंचा. ज्या माणसाने आपलं राजकारण अंगावरच्या कापडातून सांगितलं, त्याच्या सिनेमात कपडेपट म्हणजे निम्मी पटकथाच. शिवाय हजारोंचा जमाव: खादी एकाच पोताची, एकाच पांढऱ्या रंगाची दिसली की नाटकातला जमाव वाटणार. ती विरलेली, धुवून पिवळट पडलेली, कुठे जाडी कुठे तलम हवी. परीटघडीची खादी पुढाऱ्यांची, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

११ एप्रिल १९८३ ला अकरा नामांकनांपैकी आठ ऑस्कर या चित्रपटाला मिळाले. त्यात वेशभूषेचा भानूताईंना, जॉन मोलो यांच्यासोबत. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. २०१२ मध्ये त्यांनी ती बाहुली अकादमीकडे परत जपायला दिली. शांतिनिकेतनातून टागोरांचं नोबेल पदक चोरीला गेलं, मग इथे भरवसा काय, असा त्यांचा सवाल होता. २०२० मध्ये त्या गेल्या.

कस्तुरबा झाल्या पुण्याच्या रोहिणी हट्टंगडी. लंडनच्या चाचणीला नसीरुद्दीन शाह आणि स्मिता पाटीलही होते. निवड झाली रोहिणीताईंची आणि बेन किंग्जलींची. किंग्जलींचं जन्मनाव कृष्णा भानजी, वडिलांकडून मूळ गुजराती. म्हणजे तोही निव्वळ ‘इंग्रज’ नाही. ऐन तिशीच्या आसपासच्या बाईने तरुण सुनेपासून आगाखान पॅलेसमध्ये शेवटचा श्वास घेणाऱ्या म्हातारीपर्यंत सगळं केलं, आणि ब्रिटिश अकादमीचा पुरस्कार मिळवला. डॉ. श्रीराम लागू गोपाळ कृष्ण गोखले झाले आहेत. थोडाच वेळ दिसतात, पण आधी देश पाहून ये म्हणून सांगणारा गुरू त्यांच्या आवाजात पटतो. आपण रोज गोखले रोडवरून रिक्षाने जातो. कोणते गोखले हे कुणी विचारत नाही.

जे नाही त्याबद्दलही बोलायला हवं. सिनेमा सुरू होतानाच सांगतो की एखादं आयुष्य एका कथनात मावत नाही. तरी डॉ. आंबेडकर मुळीच नसणं ही जागेची अडचण म्हणून सोडून देता येत नाही. येरवडा आणि २४ सप्टेंबर १९३२ चा पुणे करार गाळला की गांधीजींशी समोरासमोर, तोडीस तोड वाद घालणारा माणूसच कथेतून जातो. मग उरतात भक्त, इंग्रज आणि जिना. जब्बार पटेलांच्या २००० साली आलेल्या आंबेडकरांवरच्या चित्रपटात ही दुसरी बाजू आहे. त्यात गांधी झालेत मोहन गोखले, आणि ते गांधी चांगलेच हेकट आहेत. दोन्ही सिनेमे लागोपाठ दाखवावेत असं मी मीटिंगमध्ये सुचवून पाहिलं. पुढच्या वर्षी बघू, असं ठरलं.

मिठाचा सत्याग्रह मात्र पुरेपूर आहे. गुजरातेत धारासण्याच्या मिठागरावर ओळीने पुढे जाऊन लाठ्या झेलणारी माणसं आणि ते बघून फोनवर बातमी सांगणारा पत्रकार. पत्रकाराचं नाव काल्पनिक, पण २१ मे १९३० ची ती बातमी वेब मिलर या अमेरिकन वार्ताहराने खरोखर जगभर पोचवली होती. आपण लोकलमधून भांडुप-कांजूरची मिठागरं बघत जातो. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला, नवी मुंबईच्या पलीकडे उरण तालुक्यातल्या चिरनेरला जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. आठ जण गेले. आगरी, कोळी, कातकरी, न्हावी अशी गावचीच माणसं. नाग्या कातकरी त्यांतलाच. त्या गोळीबारात मामलेदारही मेला. सिनेमात चिरनेर नाही, असायचं कारणही नाही, पण मुलांना दाखवायला घरापासून तासा-दीड तासावर आहे.

राहता राहिला पैशाचा हिशेब. चित्रपट चालला, जगभर चालला, आणि महामंडळाच्या वाट्याला आलेल्या नफ्यातून गरजू चित्रपट कलावंत-कामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला. विरोध करणाऱ्यांच्या धंद्यातल्याच जुन्या माणसांना त्यातून पेन्शन मिळालं.

गच्चीवर हिंदी प्रत लावणार आहोत. तिच्यात गांधीजींचा आवाज पंकज कपूर यांचा आहे. सुरुवात साडेसहाला, खुर्च्या ज्येष्ठांसाठी, बाकीच्यांनी सतरंजीवर बसायचं. पाऊस आलाच तर पार्किंगमध्ये.