वाळवंटाच्या बरणीतली विमानं

कैरीचं लोणचं बरणीत भरलं की वरून तेलाचा थर देतात. एखादी फोड तेलाबाहेर डोकावली, तर बुरशी नेमकी तिथूनच धरते. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, टूसॉन शहराला लागून डेव्हिस-मॉन्थन नावाचा हवाईतळ आहे. तिथे साठवणीला आलेल्या लष्करी विमानाचं इंधन आधी उपसून काढतात आणि त्याच टाक्यांतून, नळ्यांतून पातळ तेल खेळवतात. मग तेही काढून घेतात, पण आतल्या भिंतींवर त्याचा पापुद्रा मागे राहतो आणि ओल धातूपर्यंत पोचत नाही. युक्ती बरणीचीच.

अशी जवळपास चार हजार विमानं इथे २,६०० एकरांत रांगेने उभी असतात. अमेरिकन लोक या जागेला ‘हाडांची बखळ’ म्हणतात, आपल्या बातम्यांत तिचं ‘विमानांचं स्मशान’ होतं. मला दोन्ही नावं पटत नाहीत. स्मशानातून कोणी परत येत नाही, इथून येतात.

पण वाळवंटच का? ॲल्युमिनियम गंजत नाही असं आपण धरून चालतो, ते अर्धंच खरं. शुद्ध ॲल्युमिनियमवर हवेतल्या ऑक्सिजनमुळे ऑक्साइडची पातळ साय धरते आणि तीच त्याला राखते. विमानाचा पत्रा मात्र शुद्ध नसतो. ताकदीसाठी त्यात तांबं मिसळलेलं असतं, शिवाय जागोजागी पोलादी बोल्ट. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि वर खारट ओलीचा नुसता हात फिरला, की तिथे चिमुकली बॅटरी तयार होते. या व्यवहारात झिजतं ते ॲल्युमिनियम. कोकणात समुद्राकाठी ॲल्युमिनियमच्या खिडकीला लोखंडी स्क्रू मारून पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. ओलच नसेल तर बॅटरीचं मंडळ पुरं होत नाही. टूसॉनला वर्षाचा पाऊस जेमतेम ३०० मिलिमीटर. मुंबईत जुलैतल्या एखाद्या वाईट दिवशी तेवढा पडून जातो. (गंमत म्हणजे तिथलेही लोक जुलै-ऑगस्टच्या गडगडाटी सरींना ‘मान्सून’च म्हणतात.)

दुसरं कारण पायाखाली आहे. तिथल्या मातीत चुन्याने सिमेंटसारखा घट्ट बांधलेला थर असतो, त्याला कॅलीची म्हणतात. तो इतका टणक असतो की अवजड बॉम्बफेकी विमानही उघड्या जमिनीवर ओढत नेऊन उभं करता येतं, चाकं रुतत नाहीत. चार हजार विमानांखाली काँक्रीट ओतायचं म्हटलं असतं तर काय खर्च आला असता, याचा अंदाज करा!

ऊन मात्र शत्रूच. बंद कॉकपिटमध्ये पारा ९० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकतो, रबर तडकतं, वायरींची आवरणं ठिसूळ होतात. म्हणून काचा, फटी, इंजिनांची तोंडं फॉइल आणि टेपने बंद करून त्यावर फवाऱ्याने एक रबरी लेप देतात. आधी काळा थर, वर पांढरा. पांढऱ्यावरून ऊन परततं आणि आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा फार चढत नाही. विमान परत हवं असेल तेव्हा हा लेप सालीसारखा सोलून काढता येतो. लेप देण्याआधीच शस्त्रं आणि वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनांतली स्फोटकं काढून घेतलेली असतात. दीर्घ मुदतीच्या विमानांची ही सगळी पूजा दर चार वर्षांनी पुन्हा मांडतात.

या जागेचा इतिहास साठवणीपासून सुरू होत नाही. १९१९ मध्ये टूसॉन नगरपालिकेने स्वतःचा विमानतळ काढला, अमेरिकेतल्या अगदी पहिल्या नगरपालिकी विमानतळांपैकी एक. तो अपुरा पडल्यावर नवी जागा घेतली आणि १९२७ मध्ये, अटलांटिक एकट्याने ओलांडून नुकत्याच जगप्रसिद्ध झालेल्या चार्ल्स लिंडबर्गच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. डेव्हिस आणि मॉन्थन हे अपघातात गेलेले टूसॉनचे दोन लष्करी वैमानिक. १९४० मध्ये लष्कराने तळ ताब्यात घेतला आणि नागरी विमानतळ शहराच्या दक्षिणेला हलला. दुसरं महायुद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, इथे बी-२९ बॉम्बफेकी विमानं ठेवायला सुरुवात झाली. हिरोशिमावर आणि नागासाकीवर बॉम्ब टाकणारी, दोन्ही विमानं काही काळ याच उन्हात उभी होती.

त्याच वेळी त्याच राज्यात, किंगमनला, नेमकं उलट चाललं होतं. तिथे सुमारे ५,५०० विमानं आणून लावली होती. काही तर कारखान्यातून थेट तिथेच आलेली. एका ठेकेदाराने त्यातली बहुतेक सगळी २७ लाख ८० हजार डॉलरला उचलली, म्हणजे नगाला पाचशेच्या आसपास. नव्या बी-१७ बॉम्बफेकी विमानाची किंमत दोन लाख डॉलरच्या वर होती. इंजिनं उतरवायची, पत्रा कापायचा, भट्टीत घालायचा आणि ॲल्युमिनियमच्या विटा पाडायच्या. हवा तीच, माती तीच. विमान टिकणार की वितळणार, हे वाळवंट ठरवत नव्हतं.

टूसॉनमध्येही पुढे तेच दिसलं. सोव्हिएत संघाबरोबर अण्वस्त्रं घटवण्यासाठी झालेल्या १९९१ च्या स्टार्ट करारानुसार अमेरिकेने ३६५ बी-५२ बॉम्बफेकी विमानं मोडीत काढली. त्यासाठी सुमारे सहा टनांचं पोलादी पातं क्रेनने उंच नेऊन विमानावर सोडत. मग ते तुकडे ९० दिवस तसेच उघड्यावर ठेवायचे, कारण रशियन उपग्रहांना वरून मोजता आले पाहिजेत! तुकडे झाकायचे नाहीत, हाच नियम.

आणि त्याच जातीचं ‘घोस्ट रायडर’ नावाचं बी-५२ सहा वर्षांहून अधिक काळ तिथे उभं राहून २०१५ मध्ये स्वतःच्या इंजिनांवर लुइझियाना राज्यात सेवेत परत गेलं. सेवेतलं एक विमान आगीत गेलं होतं, त्याची जागा भरायची होती. २०१९ मध्ये आणखी एक गेलं.

या गोष्टीचा एक धागा पुण्यापर्यंत येतो. अमेरिकेने अठरा हजारांवर लिबरेटर बॉम्बफेकी विमानं बांधली आणि युद्धानंतर बहुतेक वितळवली. ब्रिटिशांना उसनी मिळालेली काही कानपूरला सोडलेली होती. कोणाला वापरता येऊ नयेत म्हणून मुद्दाम नासधूस करून, उघड्यावर, उत्तर प्रदेशच्या पावसाळ्यात. ना तेल, ना लेप. हिंदुस्तान एअरक्राफ्ट या बंगळूरच्या विमान कारखान्याच्या कामगारांनी ती उडण्याइतपत ठाकठीक केली आणि जमशेद मुन्शी या चाचणी-वैमानिकाने ती बंगळूरला नेली. तिथे चाळीसेक विमानं नव्याने उभी राहिली. त्यातली काही पुण्यात तळ असलेल्या, भारतीय हवाई दलाच्या ६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनने १९६८ पर्यंत समुद्रावर टेहळणीसाठी वापरली.

तोवर अमेरिकेत संग्रहालयात मांडायलाही लिबरेटर दुर्मीळ झालं होतं. १९६९ मध्ये भारताकडून एक मिळालं आणि इथून उडत टूसॉनला पोचलं. आज ते पिमा हवाई संग्रहालयात आहे, त्या बखळीच्या अगदी शेजारी, छपराखाली.