सादळलेलं कवच, खिडकीतलं ऊन आणि पहिला सरपटणारा प्राणी

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या वहिनी एक प्लॅस्टिकचा डबा घेऊन दारात आल्या, "सर, हे बघा की जरा, पोरगं सकाळपासनं रडतंय." डब्यात दोन इंचाचं कासव होतं, गालावर लाल पट्टा, डोळे सुजलेले, आणि कवचावर अंगठा टेकवला तर ते चक्क दबत होतं, सादळलेल्या पापडासारखं. आठ महिन्यांपूर्वी वाढदिवसाला आणलेलं. विकणाऱ्यानं सांगितलं होतं की हे लकी कासव आहे, एवढंच राहतं, डबीतले दाणे टाकायचे, पाणी बदलायचं, बास. काचेचा गोल बाऊल, त्यात प्लॅस्टिकचं नारळाचं झाड, आणि बाऊल हॉलच्या खिडकीत, बंद काचेच्या आत. मी म्हटलं ह्याला ऊन मिळालेलं नाही. त्यावर वहिनींनी जे विचारलं त्यासाठीच हा लेख लिहितोय. त्या म्हणाल्या, "ऊन तर रोज यायचं की हो सर खिडकीत, चांगलं दोन-दोन तास!"

खरंय, यायचं. पण काचेतून आलेलं ऊन आणि उघड्यावरचं ऊन ह्या कासवाच्या दृष्टीनं दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यांदाच सरडा, कासव, साप असलं काही पाळायचा विचार करणाऱ्यानं एवढी एक गोष्ट नीट समजून घेतली तर बाकीचं सेटअप त्यातूनच आपोआप सुचत जातं असं माझं ठाम मत आहे.

कुत्रं-मांजर आपण घरात आणतो तेव्हा त्याची शेगडी त्याच्या अंगातच असते, खाल्लेलं जाळून ते स्वतःला गरम ठेवतं. सरपटणाऱ्यांची शेगडी बाहेर असते, आकाशात. अन्न पचवणं, इन्फेक्शनशी लढणं, हाडं बांधणं, सगळं बाहेरून मिळालेल्या उष्णतेवर चालतं. म्हणून ह्यांना 'थंड रक्ताचे' म्हणणं मला पटत नाही, दुपारी दगडावर बसलेल्या सरड्याचं रक्त तुमच्या-माझ्याइतकंच किंवा जास्तच गरम असू शकतं, फक्त ते त्यानं मिळवलेलं असतं. हे शाळेत झालंय सगळ्यांचं. पण उन्हातून उष्णता येते तशीच आणखी एक गोष्ट येते, आणि तिथं खरी मजा आहे.

त्वचेत कोलेस्टेरॉलचा एक भाऊबंद असतो, त्याचं नाव ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉल. चार कड्या एकमेकींना चिकटलेला रेणू समजा. त्याच्यावर अल्ट्राव्हायोलेट बी म्हणजे युव्हीबी किरण पडला, साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचा, की चारातली एक कडी एका ठराविक जागी तुटते आणि उघडते. इथं लक्षात घ्या, फोटॉन म्हणजे प्रकाशाचे कण किती पडले हा प्रश्न नंतरचा, आधी प्रश्न हा की एकेका फोटॉनमधे ती कडी उघडण्याइतका दम आहे का. २९५ नॅनोमीटरच्या फोटॉनमधे सुमारे ४.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा असते, हिरव्या प्रकाशाच्या फोटॉनमधे जेमतेम सव्वादोन. म्हणजे टाकीवर शंभर वॅटचा साधा बल्ब लावा नाहीतर दहा एलईडी लावा, ती कडी उघडणारच नाही, कारण तो रेणू दिसणारा प्रकाश शोषतच नाही. आणि खिडकीची साधी काच नेमका हाच युव्हीबी पट्टा अडवते. दिसणारा उजेड आत, ऊब आत, युव्हीबी बाहेर. वहिनींच्या खिडकीत कासवाला आठ महिने उजेड मिळाला, ऊन मिळालंच नाही.

बरं, कडी उघडली म्हणून काम झालं का, तर नाही. जे तयार होतं ते प्रीव्हिटॅमिन डी३, अर्धवट वळलेला, अस्वस्थ रेणू. त्याचा खरा व्हिटॅमिन डी३ व्हायला त्यातला एक हायड्रोजन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं उडी मारतो (केमिस्ट्रीवाल्यांसाठी, १,७ सिग्माट्रॉपिक शिफ्ट), आणि ह्या उडीला प्रकाश लागत नाही, ऊब लागते! कातडी गरम असेल तर हे पटापट होतं, गार असेल तर रेंगाळतं. १९९५ साली मायकेल होलिक आणि सहकाऱ्यांनी इग्वाना नावाच्या मोठ्या सरड्याच्या कातडीवर प्रयोग करून दाखवलं की हीच उडी नुसत्या द्रावणात होते त्यापेक्षा पेशींच्या पडद्यात कितीतरी पटीनं लवकर होते, कारण पडदा त्या रेणूला योग्य आकारात धरून ठेवतो. ज्याचं अंग स्वतःहून गरम राहत नाही अशा प्राण्यासाठी ही केवढी सोय आहे बघा. मी बारावीच्या पोरांना हे शिकवतो तेव्हा दरवेळी माझाच उत्साह मला आवरत नाही.

आणखी एक. ऊन जास्त झालं तर? तर प्रीव्हिटॅमिन डी३ आणखी युव्ही खाऊन ल्युमिस्टेरॉल आणि टॅकिस्टेरॉल नावाच्या दुसऱ्याच रेणूंत जातं, म्हणजे उन्हानं व्हिटॅमिन डी चा ओव्हरडोस होत नाही, नळाला आतूनच व्हॉल्व्ह आहे. तोंडातून दिलेल्या औषधाला हा व्हॉल्व्ह नाही, म्हणून 'युव्ही ट्यूब कशाला, थेंब पाजा दुप्पट' हा सल्ला धोक्याचा आहे, जास्तीचं डी३ किडनीत आणि रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साठवायला लावतं.

पुढं लिव्हर आणि किडनी एकेक करून त्या डी३ ला कामाचं रूप देतात आणि मग आतडं अन्नातलं कॅल्शियम आत घेतं. डी३ नसेल तर कॅल्शियम पावडर कितीही चारा, ती इकडून आत तिकडून बाहेर. पण हृदय चालायला, स्नायू आखडायला रक्तात कॅल्शियम ठराविक पातळीला लागतंच, मग शरीर काय करतं? हाडं म्हणजे त्याची पतसंस्था. पॅराथायरॉइड हार्मोन सुटतं आणि हाडातल्या ठेवी मोडायला लागतं, आज थोडी, उद्या थोडी. बाहेरून प्राणी ठीक दिसतो, खातोय, पोहतोय. कासवाचं कवच हे मुळात हाडच असतं, बरगड्या आणि मणके एकत्र येऊन झालेलं, वर नखासारखं केराटिन. ठेवी संपत आल्या की कवच दबतं, सरड्याचा जबडा रबरासारखा होतो, पाय वाकतात, बोटं थरथरतात. ह्याला मेटाबॉलिक बोन डिसीज म्हणतात. वहिनींच्या कासवाचं हेच झालेलं. (सुजलेले डोळे हा वेगळा विषय, ते बहुतेकदा व्हिटॅमिन ए च्या कमतरतेनं.)

आता 'लकी' बद्दल एकदाच बोलतो. आपल्याकडं देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं, त्याला नमस्कार करून आपण आत जातो, ती श्रद्धा मला समजते. पण त्यासाठी जिवंत कासव बाऊलमधे कोंडायला कुठल्याही देवानं सांगितलेलं नाही. ह्याच समजुतीपायी चांदणी कासवं पोत्यांतून तस्करीला जातात, आणि मांडूळ, बिचारा मातीत राहून उंदीर खाणारा साप, 'दुतोंड्या, पैशाचा पाऊस पाडतो' म्हणून विकला जातो. मांडुळाला तोंड एकच असतं, शेपूट बोथट असते, आणि पैसा मिळतो तो फक्त फसवणाऱ्याला.

म्हणून प्राणी निवडतानाची पहिली चाळणी कायद्याची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार चांदणी कासव, घोरपड, शॅमेलिऑन (रंग बदलणारा सरडा), अजगर, मांडूळ असले आपल्याकडचे प्राणी पाळता येत नाहीत, शेतात सापडलं म्हणून आणलं तरी नाही. परदेशी जातींपैकी ज्या सायटिसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहेत, उदाहरणार्थ बॉल पायथन, ग्रीन इग्वाना, त्या कायद्याच्या चौथ्या शेड्यूलमधे येतात आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्यांची नोंदणी करावी लागते. जातीचं शास्त्रीय नाव, पक्कं बिल आणि नोंदणीचे कागद मागा, विकणारा टाळाटाळ करत असेल तर सरळ बाहेर पडा. लेपर्ड गेको ही ठिपक्यांची पाल पहिला प्राणी म्हणून बरेच जण सुचवतात, गुणी प्राणी आहे, पण त्याचा जवळचा भाऊबंद आपल्या महाराष्ट्रात रानात राहतो, तो पकडून 'परदेशी' म्हणून कुणी हातात दिला तर नवख्याला फरक कळणार नाही, म्हणून मी सुचवत नाही.

लाल पट्ट्याचं स्लायडर कासव तर पहिला प्राणी म्हणून नकोच. ते मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातलं, मादी जवळजवळ फूटभर वाढते, वीस-तीस वर्षं जगते, 'भांडं लहान तर कासव लहान' हे साफ खोटं आहे, लहान भांड्यात ते फक्त आजारी पडतं. अमेरिकेतच चार इंचाखालची कासवं विकायला १९७५ पासून बंदी आहे, लहान पोरं तोंडात घालतात आणि साल्मोनेला ह्या जंतूचा आजार होतो म्हणून. आणि मोठं झालं की लोक पिशवीतून नेऊन तळ्यात सोडतात. आमच्या कोल्हापुरात रंकाळ्यात, कळंब्यात, पंचगंगेत, कुठंच सोडू नका हो. जगातल्या सगळ्यात त्रासदायक १०० घुसखोर जातींच्या यादीत हे कासव आहे, आपल्या स्थानिक कासवांची ऊन खायची जागा आणि अन्न दोन्ही ते बळकावतं.

मग काय घ्यायचं? साप चालत असेल तर अमेरिकेतला कॉर्न स्नेक सगळ्यात सोपा, बिनविषारी, शांत, आठवड्याला एक उंदीर. अख्खा उंदीर म्हणजे हाडातलं कॅल्शियम आणि लिव्हरमधलं डी३ एकाच घासात, त्यामुळं युव्हीबी नसलं तरी त्याचं भागतं. अडचण दुसरी आहे, एकदा जरी तो टाकीतून निसटून जिन्यात दिसला तर अख्खी अपार्टमेंट खाली उतरेल आणि सर्पमित्र येईपर्यंत कुणीतरी काठी घातलेली असेल. शेजाऱ्यांना आधी दाखवा, झाकणाला कडी लावा. माझी पसंती मात्र ऑस्ट्रेलियाच्या बिअर्डेड ड्रॅगन ह्या सरड्याला. दिवसा जागा, माणसाळणारा, दीड-दोन फूट, आठ-दहा वर्षांचा सोबती. पण त्याला वरची सगळी केमिस्ट्री लागते, म्हणून सेटअप आधी, प्राणी नंतर. निदान एक आठवडा टाकी रिकामी चालवून तापमान लिहून काढा, हे मी अगदी हात जोडून सांगतो.

मोठ्या ड्रॅगनला चार बाय दोन बाय दोन फुटांची टाकी लागते, ॲल्युमिनियम सेक्शनच्या सरकत्या खिडक्या करणारा कुणीही करून देतो, वरून जाळी. एका टोकाला हीट बल्ब आणि त्याखाली सपाट फरशी, फरशीवर ३८ ते ४२ अंश. दुसरं टोक २५ च्या आसपास. मधे तापमानाचा उतार. हा उतारच सगळ्यात महत्त्वाचा, कारण किती गरम व्हायचं ते प्राणी ठरवतो, आपण नाही. मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनवरच्या अभ्यासात तर दिसलंय की आहारात डी३ कमी असेल तर तो आपणहून युव्हीत जास्त बसतो! बल्बच्या बाजूलाच लांब युव्हीबी ट्यूब, टाकीच्या निम्म्याहून जास्त लांबीची, म्हणजे ऊब आणि युव्हीबी एकाच जागी पाठीवर पडेल. ट्यूब आणि प्राणी यांच्यात काच नको, बारीक जाळीसुद्धा बरंच युव्हीबी खाते, अंतर कंपनीनं दिलंय तेवढंच. आणि ट्यूब पेटतेय म्हणजे युव्हीबी येतंय असं नाही, उजेड तसाच राहून युव्हीबी घटत जातं, म्हणून वर्षात एकदा तरी बदलायची. थर्मोस्टॅट लावाच, उद्यमनगरात प्रोब असलेला टेम्परेचर कंट्रोलर मिळून जातो, आणि फरशीचं तापमान बघायला ती कोरोनाच्या वेळची बंदूक नको, ती माणसाच्या तापाला बनवलेली असते, इंडस्ट्रियल इन्फ्रारेड गन घ्या.

कोल्हापूरचा पावसाळा ही खरी परीक्षा. जून ते सप्टेंबर आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, हवा दमट, वाळवंटी प्राण्याच्या फुप्फुसाला ती मानवत नाही, वरनं लाईट जाते. इन्व्हर्टरवर निदान ट्यूब आणि कंट्रोलर ठेवा, हीट बल्ब मोठा भार आहे, त्यासाठी जाड गोधडी टाकीभोवती, हवेला जागा सोडून. उलट उन्हाळ्यात काचेची टाकी गच्चीत उन्हात ठेवायची नाही, काच युव्हीबी अडवते आणि उष्णता कोंडते, म्हणजे हवं ते बाहेर आणि नको ते आत, अर्ध्या तासात जीव जातो. ऊन द्यायचं तर उघडा टब, निम्मी सावली, वर जाळी, कारण घारी-कावळे टपलेले असतात.

खाणं थोडक्यात: नाकतोडे-झुरळं शेतातली नकोत, फवारणी असते, पाळलेले किडे घ्या, आणि किड्यांत फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी म्हणून वर कॅल्शियम पावडर. शेवग्याचा पाला उत्तम, जास्वंदीचं फूल आवडीनं खातात, पालक नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम धरून ठेवतं. काजवा कधीच नाही. अमेरिकेत एकेक काजवा खाऊन बिअर्डेड ड्रॅगन मेल्याच्या पशुवैद्यकांच्या नोंदी आहेत, राधानगरीकडनं मे-जूनमधे येताना काजवा बरणीत आणायचा मोह मुलांना होतो, तो टाकीजवळही नेऊ नका. हात लावल्यावर साबणानं हात, प्रत्येक वेळी.

वहिनींच्या कासवाला आम्ही जनावरांच्या डॉक्टरांकडं नेलं, त्यांनी कॅल्शियमची इंजेक्शनं आणि व्हिटॅमिन ए दिलं, बाऊल गेला, मोठा टब आला, वर येऊन बसायला कोरडी वीट आणि विटेच्या वरच्या बाजूला ट्यूब आणि बल्ब. पोरगं वहीत रोज विटेचं तापमान लिहितं, सकाळी एकदा, शाळेतनं आल्यावर एकदा. सात महिने झाले. गेल्या रविवारी त्यानं माझा अंगठा धरून कवचावर ठेवला, दबलं नाही. मागच्या कडेचे दोन तुकडे तेवढे वरती वळलेत, ते आता तसेच राहणार.